खाडीकांठचा हिंवाळा : अडीच गुंठ्यांची वाडी आणि घरचें परसूं

भाताची कापणी आटोपून उडव्या रचल्या गेल्या कीं देशावरील शेतकऱ्याचा रब्बीचा हंगाम सुरू होतो. कोंकणपट्टींतील पुष्कळशा शेतकऱ्यांचें वर्ष मात्र तेथेंच संपलें असें समजण्याची चाल पडली आहे. पुढें आठ महिने शेत मोकळें, गुरें सुटीं, आणि धनी शहराच्या चाकरीवर. ठाणें जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरीं, साष्टीच्या जुन्या बेटावर आज जें मिरें-भाईंदर शहर वसलें आहे, तेथील खाचरांविषयीं तर ही समजूत इतकी दृढ झाली आहे कीं, तेथें अद्याप कोणी शेत करितो हेंच पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. १९८५ सालीं पांच ग्रामपंचायती एकत्र करून येथें नगरपालिका झाली. १९९० मध्यें राई-मुर्धें, डोंगरी, उत्तन, चेणें-वर्सोवें ह्या बाजूचीं गांवें तींत घातलीं गेलीं. २००२ सालीं महानगरपालिका आली. १९९१ च्या खानेसुमारींत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ च्या खानेसुमारींत आठ लाखांवर गेली. इतकें होऊनही स्टेशनापासून पश्चिमेस उत्तनच्या रस्त्यानें निघालें म्हणजे राई, मुर्धें, मोर्वा, डोंगरी, तारोडी ह्या गांवांभोंवतीं भाताचीं खाचरें, ताडांच्या रांगा, घरामागें विहीर आणि विहिरीभोंवतीं चार वाफे, हें चित्र अजून तुटक तुटक दिसतें. ह्या तुटक उरलेल्या जमिनीचें हिंवाळ्यांत काय करावें, इतकाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा. पण ज्या खाचरांत हिंवाळ्यांत माणूस फिरकत नाहीं, तें खाचर चार-सहा वर्षांत शेतकऱ्याच्या हातचें कसें जातें हें पुढें सांगावयाचें आहे, आणि तें वाचल्यावर विषय लहान वाटणार नाहीं.

विलायतेंत नगरांतील कामकरी लोकांस भाजीपाल्यापुरती जमीन अल्प भाड्यानें देण्याची पद्धत जुनी आहे; १९०८ च्या कायद्यानें लोकांची मागणी असेल तेथें अशी जमीन पुरविणें हें स्थानिक मंडळांचें कर्तव्यच ठरविलें. अशा एका तुकड्याचें तिकडील रूढ माप दहा रॉड, म्हणजे ३०२॥ चौरस वार. आपला गुंठा १२१ चौरस वारांचा. तेव्हां तें माप बरोबर अडीच गुंठे भरतें. एका कुटुंबानें सकाळ-संध्याकाळ फावल्या वेळीं करावयाची भाजीची वाडी केवढी असावी, ह्याचा हा अनेक पिढ्यांच्या अनुभवाचा आंकडा आहे, व आपल्याकडेही तो चपखल लागू पडतो. दुसऱ्या महायुद्धांत तिकडे अशा तुकड्यांची संख्या चौदा लाखांच्या घरांत गेली होती. आपल्याकडे त्याच सुमारास ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली, आणि पुढें रेल्वेनेंही आपल्या नोकरांस रुळांच्या कडेच्या पडीक पट्ट्या भाजीसाठीं लावून दिल्या. लोकलगाडीच्या खिडकींतून पालकाचे आणि लाल माठाचे जे वाफे मुंबईकरांनीं पाहिले ते त्या योजनेंतले. (त्यांतील कांहीं वाफ्यांस गटाराचें पाणी दिलें जाई ही तक्रार वारंवार झाली व ती योग्यच होती. कारखान्यांचें पाणी ज्या ओढ्यांत मिळतें, त्याच्या पाण्यावर पालेभाजी करणें म्हणजे शिसें आणि कॅडमियम ताटांत वाढून घेणें होय.) विलायतेच्या आणि आपल्या वाडींत एक मोठा फरक मात्र विसरतां येत नाहीं. तिकडे हिंवाळ्यांत जमीन गोठते आणि माळी कुदळ टांगून बियाण्यांचीं पत्रकें चाळीत बसतो. आपल्याकडे पावसाळ्यांत वाफा वाहून जातो, उन्हाळ्यांत विहीर खारट होते. भाजीचा खरा हंगाम काय तो हा एक, मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा.

हवेचा विचार केला तर आपला हिंवाळा फार दयाळू आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेंत जानेवारीचें रात्रीचें तपमान सरासरीनें सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतें. जानेवारी १९६२ मध्यें तें ७.४ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे, पण तसला प्रकार विरळा. कोबी, नवलकोल, मुळा, मेथी, कोथिंबीर ह्यांस एवढी थंडी पुरते. दंव भरपूर पडतें. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो व दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. उत्तन-डोंगरीच्या बाजूस हा खारा वारा कोंवळ्या रोपांचीं टोकें करपवितो. म्हणून वाडीच्या पश्चिम अंगास तुरीची किंवा मक्याची दाट ओळ लावावी, शेवगा असेल तर अधिक बरें. ही साधी तजवीज न केल्यामुळें रोपें जळलीं आणि दोष बियाण्यावर गेला, असें अनेक ठिकाणीं दिसून येतें.

वालाची घाई

अडीच गुंठ्यांपैकीं निदान एक गुंठा वालास द्यावा असें आमचें स्पष्ट मत आहे. वालास पाणी लागत नाहीं. भात काढल्यावर जमिनींत जी ओल उरते तिच्यावरच तो पोसतो, आणि रात्रीच्या दंवावर तग धरितो. पण ती ओल कोणाची वाट पाहात नाहीं. भात कापल्यावर मूठभर माती दाबून पाहावी. गोळा बांधला जाऊन बोटानें टोंचतांच फुटत असेल तर त्याच दिवशीं पेरणी करावी. गोळा फुटत नसेल तर चार दिवस थांबावें, आणि बांधलाच जात नसेल तर वेळ गेली असें समजावें. कोंकणांत नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ही वेळ साधते. दोन ओळींत एक फूट, दोन रोपांत वीतभर, असें अंतर धरिलें तर गुंठ्यास सुमारें अर्धा किलो बीं पुरतें. नांगरट करीत बसण्यापेक्षां धसकटांच्या मधोमध काठीनें भोंक पाडून दोन दोन दाणे टाकणें हें चिकणमातीच्या खाचरांत अधिक फायद्याचें, कारण नांगरानें उलथलेलें ढेंकूळ एका दिवसांत सुकतें. बियाण्यास पेरणीपूर्वीं रायझोबियम जिवाणूंचें संवर्धक चोळावें. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘कोंकण वाल’ ह्या नांवानें ज्या बुटक्या जाती दिल्या आहेत त्या लवकर तयार होतात. पण घरच्या आमटीसाठीं जुन्या कडव्या वालाची चव ज्यांस हवी, त्यांनीं आपलें जुनें बीं मोडूं नये.

फुलोऱ्याच्या वेळीं मावा येतो आणि शेंगा भरतांना पोखरणारी अळी येते. एका गुंठ्याच्या पिकावर औषधांचा मारा करण्याचें कारण नाहीं. माव्यानें भरलेले शेंडे खुडून टाकावे. अळ्या सकाळीं हातानें वेंचाव्या. निंबोळीचा अर्क संध्याकाळीं फवारावा. ज्या घरांत म्हातारें माणूस आणि शाळेंतून लवकर सुटणारें मूल आहे, तेथें एवढ्यानें काम भागतें.

येथें एक इशारा दिला पाहिजे. वाल हा घेवड्याच्या जातीचा, खाराला हळवा. गांवाजवळच्या उंच, गोड्या खाचरांतच तो करावा. बांधाआड असलेल्या खऱ्या खारजमिनींत तो पेरूं नये. तेथें हिंवाळ्यांत पीक निघत नाहीं म्हणून ती जमीन निरुपयोगी, असें मात्र कोणी समजूं नये. तिचें हिंवाळ्यांतलें काम निराळें आहे.

विहिरीचें पाणी

उरलेल्या दीड गुंठ्याची भाजी पाण्यावर करावयाची असते, आणि समुद्रकांठच्या विहिरीचें पाणी ही फार नाजूक वस्तु आहे. भूगर्भांत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें, कारण तें वजनानें हलकें. शास्त्रज्ञांनीं हिशेब केला आहे तो असा कीं, गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीहून एक फूट उंच असेल, तर त्याखालीं सुमारें चाळीस फुटांपर्यंत गोडें पाणी असतें. ह्याचीच दुसरी बाजू भयंकर आहे : उपसा करून वरची पातळी एक फुटानें खालीं नेली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर चढूं पाहतें. म्हणून पाणी कमी पडलें कीं विहीर खोल खणणें हा देशावरचा उपाय येथें घातक आहे; खोल गेल्यानें गोडें पाणी अधिक मिळत नाहीं, खारें लवकर मिळतें. वसई-साष्टींतील बागाईत पूर्वीं रहाटावर चाले. बैल दमे, माणूस दमे, गाडगीं थोडें थोडें पाणी काढीत आणि विहिरीस भरून येण्यास सवड मिळे. विजेचा पंप दमत नाहीं. पंप ठेवावा, परंतु लहान ठेवावा व अर्ध्या तासाहून अधिक एका दमांत चालवूं नये. सकाळीं थोडें, संध्याकाळीं थोडें, असें पाणी काढावें.

किती पाणी लागेल ह्याचा अंदाज कठीण नाहीं. हिंवाळ्यांत येथें दिवसाकांठीं साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर पाणी जमिनींतून व पानांतून उडून जातें. सगळे अडीच गुंठे भिजवावयाचे म्हटल्यास रोज सुमारें हजार लिटर, म्हणजे पंधरा लिटरांच्या पांसष्ट-सत्तर घागरी झाल्या. वालाचा गुंठा त्यांतून वजा केला कीं सहाशें लिटर उरतात. वाफ्यांत भाताचा पेंढा चार बोटें पसरला तर त्याहूनही कमी. पेंढ्याचें दुसरें काम ह्याहून महत्त्वाचें आहे. माघांत ऊन तापूं लागलें कीं जमिनीच्या पोटांतला खार ओलीबरोबर वर चढतो, ओल उडून जाते व खार पांढऱ्या फुलोऱ्यासारखा पृष्ठभागावर बसतो. पेंढ्याखालीं ओल टिकते, म्हणून खार वर येत नाहीं. आपल्याकडे पेंढा विकून टाकण्याची घाई असते. निदान चार भारे वाडीसाठीं बाजूस ठेवावे.

पाणी खारट आहे कीं नाहीं हें जिभेस समजतें तोंपर्यंत पिकास तें कधींच समजलेलें असतें. कृषि विज्ञान केंद्रांत किंवा माती-परीक्षण प्रयोगशाळेंत पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजून मिळते. ती दर मीटरास ०.७५ डेसिसीमेनच्या आंत असेल तर काळजी नाहीं, २.२५ पर्यंत जपून वापरावें. त्यापुढें भाजीस देऊं नये. हें मोजमाप एकदां करून भागत नाहीं. दिवाळीनंतर एकदां, संक्रांतीस एकदां व होळीच्या आधीं एकदां, असें तीन वेळां केल्यावर आपल्या विहिरीचा स्वभाव कळतो, आणि कोणती भाजी केव्हां संपवावी तें ठरवितां येतें. गाजर, कांदा, मुळा, फरसबी हीं खाराला सर्वांत हळवीं. तीं पाणी गोडें असतांना, म्हणजे डिसेंबर-जानेवारींतच, काढून मोकळें व्हावें. टोमॅटो व पालक त्यांहून काटक. बीट आणि चवळी बराच खार सोसतात. शेवटचें पाणी त्यांच्यासाठीं राखावें. सरी काढून लावणी करावयाची असेल तर रोप सरीच्या माथ्यावर लावूं नये, कडेस, पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर लावावें. खार माथ्यावर गोळा होतो. आणि पाणी पानांवर शिंपडूं नये, मुळाशीं सोडावें.

उत्तनच्या बाजूस जेथें वाळू आहे तेथें समुद्रमेथी सहज होते. वाळूंत मेथीचे दाणे दाट टाकून रोज ओल द्यावी. आठ-दहा दिवसांत बोटभर जुडी उपटून बाजारास नेतां येते. मुळाशीं वाळू चिकटलेली ती बारीक जुडी मुंबईकर मोठ्या आवडीनें घेतात. थोड्या जागेंत, थोड्या दिवसांत व थोड्या पाण्यांत हाताला पैसा देणारें ह्यासारखें दुसरें पीक आम्हांस माहीत नाहीं.

खारजमीन दुरुस्त करण्यास जिप्सम घाला, असें सांगणारे दुकानदार भेटतात. किनाऱ्यावरील आपली खारजमीन बहुधा चोपण नसते. तिच्यांत साधें मीठ असतें व तें पावसाच्या पाण्यानें धुपून जातें, बांध शाबूत असेल तर. माती तपासून घेतल्याखेरीज जिप्समवर पैसे घालवूं नयेत.

बांध, उघाडी आणि तिवर

आतां त्या निराळ्या कामाविषयीं. खाडीकांठची भातजमीन ही समुद्रापासून मागून घेतलेली जमीन आहे. बाहेर मातीचा बांध, बांधांत उघाडी, आणि उघाडीस झडप. ओहोटीच्या वेळीं आंतलें पाणी झडप लोटून बाहेर जातें. भरती आली कीं बाहेरचें पाणीच झडप दाबून बंद करितें. इतकी साधी व इतकी चतुर योजना ठाऊक असलेल्या आपल्या पूर्वजांनीं ह्या चिखलांतून भात काढलें. ‘काळा राता’, ‘भुरा राता’ ह्या खार सोसणाऱ्या जुन्या जाती त्यांच्याच. त्यांतून निवड करून, व पुढें पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रांत ‘पनवेल १, २, ३’ ह्या जाती तयार करून, शास्त्रानें त्यांत भर घातली. १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं कायदा केला व १९७९ मध्यें महाराष्ट्रानें नवा केला. कायदे आहेत, सरकारी बांधही ठिकठिकाणीं आहेत. परंतु खेकड्यानें पाडलेलें भोंक कायद्यास दिसत नाहीं, तें बांधावर फिरणाऱ्या माणसासच दिसतें.

हें फिरणें हिंवाळ्यांतलें काम आहे. पावसांत बांध मऊ होऊन खचतो. दिवाळीनंतर तो सुकूं लागतो व भेगा पडतात. खेकडे, उंदीर आणि कोळंबीसाठीं बांध फोडणारे लोक, तिघेही आपापलें काम करीत असतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती लहान असतांना, बांधाच्या आंतल्या पायथ्याशीं चालावें. जेथें ओल किंवा बारीक धार दिसेल तेथें खूण करावी, बाहेरच्या अंगास भोंकाचें तोंड शोधावें, तें हातभर उकरून चिखलाचे गोळे दडपून भरावें. वरून मातीची टोपली ओतल्यानें भोंक बुजत नाहीं, झांकतें मात्र. पुढच्या उधाणांत तें दुप्पट होऊन निघतें. झडपेच्या फटींत अडकलेला काडीकचरा व प्लास्टिक काढून टाकावें. आज निम्म्या उघाड्या बिघडतात त्या लाकूड कुजून नव्हे, शहरातून वाहात आलेल्या कचऱ्यानें झडप उघडी राहून.

पूर्वीं हें काम गांवकी म्हणून होई. ज्याचें भात बांधाआड, त्याचा एक माणूस बांधावर, असा दंडक असे. आतां एका बांधाआडच्या वीस खातेदारांपैकीं आठ-दहा जणांनीं भात सोडलें आहे. कोणी मुंबईस, कोणी गल्फांत, कोणाची जमीन भावाभावांच्या वादांत. ज्यानें भात सोडलें त्यास बांधाची गरज राहिली नाहीं. पण बांध त्याच्या हद्दींत फुटला तरी पाणी हद्द विचारून आंत येत नाहीं; शेजाऱ्याचें खाचर आणि त्याच्या मागची विहीर दोन्ही खारतात. एका उधाणाचें पाणी आंत बसलें तर तें धुऊन निघण्यास निदान एक पावसाळा लागतो. वारंवार बसलें तर कित्येक वर्षें.

आणि दुसरी गोष्ट ह्याहून कायमची आहे. भरतीचें पाणी खेळूं लागलें कीं त्याबरोबर तिवराचें बीं येतें. दोन वर्षांत गुडघ्याएवढीं रोपें व पांच-सात वर्षांत रान. मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २००५ मध्यें तिवरांच्या तोडीस राज्यभर मनाई केली, आणि सप्टेंबर २०१८ मध्यें ती कायम करून भोंवतालच्या पन्नास मीटरांच्या पट्ट्यांतही बांधकामास प्रतिबंध केला. तिवरांचें रान किनाऱ्याचें रक्षण करितें, माशांच्या पिल्लांस आसरा देतें, आणि भराव घालून चाळी उठविणारांस त्याच्याखेरीज कोणी अडविलें नसतें. त्या निर्णयाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. आमचें म्हणणें शेतकऱ्याशीं आहे. उद्यां मुलगा पुन्हा भात लावीन म्हणाला तर सातबाऱ्यावर भातजमीन असेल आणि जाग्यावर तिवर असेल. त्या तिवरास मग हात लावतां येणार नाहीं, व लावूं नये. हल्लीं उरलेल्या जमिनीवर डोळा अनेकांचा आहे. मेट्रोच्या नवव्या मार्गाची कारशेड प्रथम राई-मुर्धें-मोर्वा ह्या गांवांकडे योजिली होती. ग्रामस्थांच्या विरोधानंतर ती डोंगरीच्या बाजूस नेण्यांत आली. अशा प्रसंगीं ज्या खाचरांत वर्षाआड भात आणि हिंवाळ्यांत माणसाची ये-जा आहे, त्या खाचराच्या मालकाच्या बोलण्यास जें वजन येतें, तें पडीक खाचराच्या मालकाच्या बोलण्यास येत नाहीं. म्हणून भात सोडलेल्या भाऊबंदांनीं निदान बांधाच्या वर्गणीचा आपला हिस्सा द्यावा, नाहींतर जो कसतो आहे त्यास तें खाचर लेखी कराराने चार वर्षें कसण्यास द्यावें. हा करार कूळकायद्याच्या जाणकारास दाखवून करावा. तोंडी व्यवहारानें पुढें दोघांचाही जीव टांगणीस लागतो.

खाडीच्या दोन्ही अंगांस जीं मिठागरें आहेत त्यांची गोष्ट उलट आहे. तेथें समुद्रास मुद्दाम आंत घेतात. पावसाळा संपला कीं आगरी मंडळी वाफ्यांचे तळ तुडवून, ठोकून कठीण करितात. उधाणाचें पाणी एका साठ्यांतून दुसऱ्यांत असें तापवीत नेतात. समुद्राचें पाणी बोमे मापानें सुमारें तीन-साडेतीन अंशांचें असतें. तें पंचविसाच्या आसपास आलें कीं मिठाचा दाणा धरूं लागतो, आणि तिसाजवळ पोंचण्यापूर्वीं उरलेलें कडू पाणी सोडून द्यावें लागतें, नाहींतर मीठ कडवट होतें. भाजीवाल्याप्रमाणें मीठवालाही आभाळाकडे पाहात दिवस काढितो. डिसेंबर २०१७ मध्यें ओखी वादळाचा अवकाळी पाऊस मुंबईच्या किनाऱ्यावर पडला, तसा एक पाऊस दोघांच्याही आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवितो.

वलांडी आणि मासळीचें खत

त्याच पावसाची धास्ती उत्तन, पाली, चौक ह्या कोळीवाड्यांस असते. हिंवाळ्यांत तेथें बांबूच्या उंच वलांड्यांवर बोंबील वाळत घालतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी काठीवर टांगावयाची. कोरडा वारा आणि ऊन मिळालें तर तीन दिवसांत माल तयार. जवळा खालीं पसरतात. ह्या कामांतून डोकीं, मोड, किडका व तुटका माल असा पुष्कळ भाग उरतो, आणि शेतकऱ्याचें लक्ष त्याकडे असलें पाहिजे. सुक्या मासळीच्या खतांत नत्र शेंकडा चार ते दहा व स्फुरद शेंकडा तीन ते नऊ असतो. शेणखतांत नत्र शेंकडा अर्धाही कष्टानें भरतो. नारळ, तोंडली, वांगी, मिरची ह्यांस हें खत फार मानवतें. पालाश त्यांत थोडा असतो, म्हणून जोडीला चुलींतली राख घालावी.

परंतु मीठ लावलेल्या मासळीचा टाकाऊ भाग आणि मीठ न लावलेल्याचा, हे दोन अगदीं वेगळे ठेवावे. पहिला सरळ वाफ्यांत घातला तर जी जमीन खारापासून वांचविण्यासाठीं आपण इतका खटाटोप केला तिच्यांत आपणच मीठ पेरल्यासारखें होईल. तो पावसाळ्यापूर्वीं खड्ड्यांत पालापाचोळ्याबरोबर घालावा. चार महिन्यांच्या पावसानें मीठ उतरून जातें व दिवाळीस उत्तम खत हातीं येतें. बिनमिठाचा भाग मात्र झाडाच्या आळ्यांत चार-सहा बोटें खोल पुरून लगेच वापरतां येतो. उथळ पुरला तर कावळे आणि कुत्रीं सगळें आळें उकरतात, आणि शेजारीणबाईंची बोलणीं खावीं लागतात तीं वेगळींच.

अंगण आणि स्वयंपाकघर

परसांतल्या आंब्याला ह्याच दिवसांत मोहर येतो. थंडी चांगली पडली तर मोहर एकदम फुटतो. ढगाळ हवेंत तुडतुडे आणि भुरी त्यावर तुटून पडतात. भुरीसाठीं पाण्यांत मिसळणारें गंधक लिटरास दोन ग्रॅम ह्या मानानें, ऊन चढण्यापूर्वीं फवारावें. तुडतुड्यांचा त्रास दाट, अंधाऱ्या झाडावर अधिक होतो; आंतल्या फांद्या पावसाळ्यानंतर विरळ केल्या असल्या तर निम्मा त्रास वांचतो. कोंबड्या डिसेंबरांत अंडीं कमी घालतात, ह्याचें कारण थंडी नसून लहान झालेला दिवस आहे. आपल्याकडे त्या सुमारास दिवस अकरा तासांचा असतो. पहाटे खुराड्यांत तीन तास दिवा लावला तर अंडीं टिकतात. त्यांस जवळ्याचा चुरा जरूर द्यावा, पण एकंदर खाद्याच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नको. अंड्यास वास येतो.

घरांतील खाणें ह्या दिवसांत वाडी ठरविते. भोगीच्या दिवशीं वांगीं, वालाचे दाणे, गाजर, हरभरा, बोरें, तीळ असें सगळें एकत्र शिजतें, आणि त्यांतलें निम्मेंअधिक अडीच गुंठ्यांतून निघालेलें असावें अशी गृहिणीची हौस असते. डोंगरी-उत्तनच्या ख्रिस्ती शेतकरी घरांत नाताळच्या सुमारास भात झोडून, मळून कणगींत पडलेलें असतें, आणि जेवणांतल्या मुळ्याची व कोथिंबिरीची जुडी घरामागच्या वाफ्यांतलीच असते. वाल हिरवा भरला कीं आगरी वस्तींत पोपटी लागते. मडक्याच्या तळाशीं भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, कोणी त्यांत वांगें, कोनफळ, कोंबडीही घालतात. पुन्हा पाला दाबून मडकें पालथें घालावयाचें, आणि भोंवतीं गवत-काटक्यांचा जाळ करावयाचा. पाण्याचा थेंब नाहीं. शेंगांच्या व पाल्याच्या वाफेवरच सारें शिजतें. ह्या एका रात्रीसाठीं मुंबईस गेलेलीं मुलें घरीं येतात. वालाचा गुंठा टिकवावा म्हणून आम्हीं वर जीं कारणें दिलीं, त्यांत हें लिहिलें नव्हतें. पण घरांतील म्हाताऱ्यांस विचारल्यास तीं हेंच कारण पहिलें सांगतील.

राबासाठीं पाला-पाचोळा गोळा करून जाळण्याची तयारीही कित्येक घरीं ह्याच दिवसांत सुरू होते. तो पाला जाळण्यापेक्षां खड्ड्यांत घालावा हें ह्या पृष्ठांवर अनेकदां लिहून झालें आहे.

माघाच्या अखेरीस वालाच्या शेंगा वाळतात. पहाटेच्या दंवांत त्या तोडाव्या, म्हणजे फुटून दाणे सांडत नाहींत. रोपें उपटूं नयेत. जमिनीलगत कापावीं व मुळें तशींच आंत राहूं द्यावीं, त्यांच्या गांठींतला नत्र पुढच्या भातास मिळतो. बियाण्यासाठीं शेंगा वेलाच्या खालच्या व मधल्या भागांतील, भरलेल्या, एकसारख्या अशा निवडून निराळ्या ठेवाव्या. दाणे तीन-चार उन्हें देऊन, दांताखालीं कट्‌कन फुटतील इतके वाळवावे, आणि एक रात्र थंड होऊं द्यावे. गरम दाणे भरल्यास मडक्यांत घाम येतो. मग चाळलेली कोरडी राख एक थर, दाणे एक थर, असें करीत मडकें कांठोकांठ भरावें व तोंड शेणामातीनें लिंपून उतरंडीच्या सावलींत ठेवावें. भुंगा लागतो तो बहुधा अर्धवट भरलेल्या मडक्यास.